कोर्टात हिशेब उलगडला पाहिजे

कागदावर अंगठा उठला म्हणजे कर्ज कबूल, आणि वहीत आकडा आहे म्हणजे तो खरा, ही समजूत आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे. जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कोर्टाची पायरी चढतानाच आमचा माणूस निम्मा हरलेला असतो. पण बंधूंनो, कायदा असे म्हणत नाही.

न्यायाधीश कायदा शिकलेला असतो. त्याने सावकाराच्या गादीवर बसून खतावणी लिहिलेली नसते, की आडत्याची पट्टी पारखलेली नसते. पुढे येईल तेवढाच कागद त्याला दिसतो. एक पक्ष वह्या घेऊन उभा, दुसरा नुसते हात जोडून उभा. मग निकाल कोणाकडे झुकणार?

हे दुखणे जुने आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्यावर दाव्याची मुदत तीन वर्षे ठरली. तेव्हा सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. समजा, शंभर रुपये द. सा. द. शे. २४ ने घेतले. तीन वर्षांनी व्याज ७२, म्हणून नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तोच रोखा जवळजवळ २९६ चा होतो. सरळ व्याजाने मात्र सहा वर्षांचे देणे २४४ च. मुन्सफापुढे येई तो शेवटचा कागद. त्यावर मुद्दल २९६! मुळात हातात शंभरच पडले, हे त्याला दाखवणार कोण? अखेर १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यात सुपे येथे दंगा उठला आणि लोकांनी रोखे व वह्या जाळल्या. ज्या कागदाला कोर्टात उत्तर देता येईना, त्याला त्यांनी आगीने उत्तर दिले.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आणला. त्याने न्यायाधीशाला हुकूमच केला, की रोख्यावर थांबू नका. व्यवहार पहिल्यापासून तपासा, मुद्दल व व्याज निरनिराळे मांडा, व्याजावर व्याज धरू नका. पावती व सालाचा हिशेब मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला. तो कायदा आज राहिला नाही. त्याने शिकविलेली रीत मात्र आजही उपयोगी आहे.

आजचा कायदाही मुका नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २८ सांगते, की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वहीतील नोंदी, संगणकावरील असल्या तरी, पुराव्यात येतात. पण तेवढ्यानेच कोणावर देणे लादता येत नाही. हाच नियम १८७२ च्या कायद्यातही होता. बँकेच्या वहीची प्रमाणित नक्कल १८९१ च्या कायद्याने चालते, पण त्या वह्या तपासण्याची परवानगी पक्षकाराला कोर्टाकडे मागता येते. हिशेब गुंतागुंतीचा असल्यास तो तपासण्यासाठी कमिशनर नेमण्याचा अधिकारही दिवाणी कोर्टाला आहे.

मग उणीव कोठे आहे? हिशेब सोपा करून मांडणारा गरिबाकडे नसतो, ही उणीव आहे. म्हणून आमचे मागणे असे, की तालुका विधी सेवा समितीने मोफत वकिलासोबत एक हिशेबनीसही द्यावा. त्याने एका पानावर मराठीत चार रकाने आखावेत: तारीख, हातात आलेली रक्कम, फेडलेली रक्कम, आणि व्याज वेगळे. असे पान पुढे आले, तर नेमके काय विचारायचे हे न्यायाधीशालाही समजेल.

आणि बंधुभगिनींनो, आपणही आपले काम करा. नारायणगावच्या टोमॅटोची पट्टी असो, सोसायटीचा भरणा असो, की ट्रॅक्टरचा हप्ता असो, पावतीवाचून पैसा देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. पावत्या एका पिशवीत तारीखवार ठेवा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीकडून दरमहा वहीत उतरवून घ्या. गणित येते ना तिला? मग त्या गणिताचा घराला उपयोग होऊ द्या.