सूर्यास्ताचा खंड कोण खातो?

पर्यटन हा सुखवस्तूंचा विषय आहे, कार्यकर्त्याने त्यात वेळ दवडू नये, असे आपल्यातील कित्येक मित्र मानतात. मी कोडोलीत राहतो. रविवारी वाघबिळाच्या घाटात मोटारींची रांग लागते, वळणावळणांवर माणसे उतरून वारणेचे खोरे पाहतात, कणसे खातात, छायाचित्रे काढतात आणि पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाकडे निघून जातात. त्या रांगेकडे पाहताना मला वर्गीय प्रश्नच दिसतो.

शेतजमिनीचा खंड म्हणजे काय, हे आपल्या कुळांना रिकार्डो न वाचताही ठाऊक होते. 1817 साली त्याने मांडलेले तत्त्व असे की, सुपीक जमिनीचा धनी काहीही न करता अधिक उत्पन्न घेतो. येथे सुपीकतेच्या जागी देखावा आला आहे, एवढाच फरक. ज्या कड्यावर नाचणीही धड पिकत नव्हती, तेथून सूर्यास्त दिसतो म्हणून तिला मोल आले. हा सूर्यास्त कोणी निर्माण केला? मसाई पठारावरची पावसाळी फुले कोणत्या भांडवलाने उगवली? घाटाचा रस्ता तर सार्वजनिक पैशाने झाला. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा गडावर राहणाऱ्या लोकांचे हाल झाले आणि दुरुस्तीचा भार सरकारी तिजोरीवर आला. भुर्दंड समाजाचा, खंड मात्र कड्याच्या मालकाचा! अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. साध्या मराठीत आयत्या बिळावर नागोबा.

रोजगार मिळतो, असे उत्तर येईल. मिळतो, हे मी नाकारीत नाही. परंतु बापाने विकलेल्या जमिनीवर मुलाने पहारेकरी व्हावे, हा रोजगार की खंडाची उलटी वसुली, हे ज्याने त्याने ठरवावे. करवंदे आणि जांभळे घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बाईला ‘अतिक्रमण’ म्हणून उठवता येते. कड्याच्या तोंडाशी घातलेल्या कुंपणाला मात्र ‘विकास’ म्हणतात.

आता आपल्या मित्रांकडे वळतो. विश्रांतीचा हक्क ही श्रमिकांच्या चळवळीची जुनी मागणी आहे. 1936 साली फ्रान्समध्ये लिऑं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, त्यांच्यासाठी सवलतीची रेल्वे तिकिटे काढली, आणि हजारो कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षाला 240 दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा देऊ केली. पण याच खोऱ्यात मराठवाड्यातून येऊन ऊस तोडणाऱ्या जोडप्याची गणना त्या कायद्यात कोठे होती? आपल्या कष्टकऱ्याला घराबाहेर पडण्यासाठी कायम देवाचे निमित्त लागले. जोतिबाची चैत्र यात्रा म्हणजे गुलाल, सासनकाठी, आणि सासुरवाशिणीला वर्षाकाठी मिळणारे दोन मोकळे दिवसही. त्या यात्रेला नाके मुरडणाऱ्या पुरोगाम्यांनी हे कधी ध्यानात घेतले नाही. (मीही पूर्वी मुरडली आहेत.)

मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि ज्या कधी तालुक्याबाहेर गेल्या नव्हत्या, त्या बाया गटागटाने निघाल्या. एसटी मात्र थांबते गावाच्या फाट्यावर. देखाव्यापाशी थांबण्याची मुभा ज्याच्याकडे मोटार आहे त्यालाच. तेथे स्त्रियांसाठी शौचालय नसेल, पिण्याचे पाणी नसेल, तर एसटीने आलेली बाई उतरून करणार काय?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचा समावेश केला. मोटारी आणखी वाढतील, जमिनीही आणखी महागतील. म्हणून आताच मागितले पाहिजे: कड्याची कडा कोणाच्याही खासगी कुंपणात जाऊ नये, रस्त्याने वाढलेल्या जमीनमूल्याचा हिस्सा कररूपाने ग्रामपंचायतीकडे यावा, थांब्यांवरील विक्रीचा पहिला हक्क त्याच गावच्या बायांचा असावा, आणि रविवारी कोल्हापूर व वारणानगरहून अशी एसटी सुटावी की जी सज्जाकोठीवरून दिवस मावळताना पाहू देईल आणि मग माणसांना घरी आणून सोडील. कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेपूर्वी तलाठ्याकडून घाटाकडेच्या गायरानांचे सातबारे काढून ठेवावेत.