माझंच चुकलं असेल...

गेल्या दिवाळीत नात आली होती पुण्याहून. चांगली इंजिनिअर, नोकरी लागून चार वर्षं झालेली. फराळाच्या ताटावरच तिने जाहीर केलं, "आजी, मी सर्टिफिकेट कोर्स करतेय. ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन." पदवीनंतरचा, चार विषयांचा, नोकरी सांभाळून ऑनलाइन करायचा, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा. फीचा आकडा ऐकून मी कपाळाला हात लावला. घरात वाद झाला. नातेवाइकांचे फोन आले. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा माझं मत इथेच लिहून टाकते.

आधी मला वाटलं, हा विषय म्हणजे पडद्याची रंगरंगोटी. बटण निळं की हिरवं! तसं नाही. माणूस यंत्र वापरताना कुठे अडतो आणि का अडतो, याचा तो अभ्यास आहे. डॉन नॉर्मन नावाच्या अभ्यासकाचं १९८८ सालचं पुस्तक त्यात वाचतात म्हणे. ढकलायचं की ओढायचं हे ज्या दाराकडे बघून कळत नाही, त्या दाराचीच ती चूक, माणसाची नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, यासाठी एवढे पैसे?

पण तिला अभ्यासाचा भाग म्हणून पाच माणसांना फोनवर एखादं काम करायला देऊन शेजारी नुसतं बसायचं होतं. मदत करायची नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. पाचच का? याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलंय की तेवढ्यांतच बहुतेक अडचणी उघड्या पडतात. तिने पाचही जण आमच्याच गावातले धरले. पहिली मी.

काम साधं होतं, एका अ‍ॅपवर बसचं तिकीट काढायचं. नाव नोंदवताना जन्मतारीख विचारली. कॅलेंडर उघडलं, ते चालू महिन्यावर! मी आपली एकेक महिना मागे सरकवत १९५०कडे निघाले. १९९८पर्यंत पोचले आणि बोट घसरलं, सगळं बंद. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लाल अक्षरांत आलं. मी म्हटलं, "माझंच चुकलं असेल." तिने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी बसला. आमचं गाव नागझिऱ्याच्या काठावर आहे. १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हा चोरखमारा गेटवरून पर्यटकांना जंगलात नेतो. धुळीतल्या पंजावरून तो सांगतो, वाघ की वाघीण, रात्री गेली की पहाटे. चितळाचा एक ओरडा ऐकून गाडी कुठे थांबवायची ते ठरवतो. तो माणूस त्या पडद्यासमोर घामाघूम झाला. फोन ठेवून म्हणाला, "बाई, माहंच चुकलं असन."

नातीने वही मिटली. "आजी, पाचही जण हेच म्हणाले."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हे वाक्य त्याला मी शिकवलं होतं. अडखळत वाचायचा म्हणून भर वर्गात मी त्याला ‘ढ’ म्हटलं होतं. सगळा वर्ग एकाच गणितात चुकला, तर चूक शिकवण्यात असते, हे मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं. तो त्याआधीच शाळा सोडून गेला होता.

नातीने मला दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगितली. १९९६च्या सुमारास लुई लीबेनबर्ग यांनी तिथल्या कारू राष्ट्रीय उद्यानात माग काढणाऱ्यांच्या हाती एक छोटा संगणक दिला. त्या माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पडद्यावर प्राण्यांची चित्रं होती. चित्राला स्पर्श करायचा, नोंद झाली! माणसं तीच, यंत्र बदललं, आणि ‘अडाणी’ माणसं निरीक्षक ठरली.

आपल्याकडेही हे काम झालंय. आयआयटी मुंबईत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. तिथल्या अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा कळफलक आणला. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चाक उघडतं, त्यात का, कि, की... अहो, ही तर आमची बाराखडी! मराठीतून बी.ए. झालेल्या मला तो शिकायला कुणी लागलं नाही.

तर माझं मत असं. पोरीने कोर्स जरूर करावा. कागदासाठी नव्हे. कागद भिंतीवर लागतो आणि पिवळा पडतो. चार विषयांत कुणी पंडित होत नाही, पण शेजारी बसून तोंड बंद ठेवून बघायची सवय लागली तरी फी वसूल. ती सवय आम्हा मास्तरांना बी.एड.मध्ये कुणी लावली नाही. आणि असे अभ्यास मराठीतून, आपल्या जिल्ह्यांच्या कॉलेजांत छोट्या फीत निघायला हवेत. यंत्र बनवणारा पुण्यात आणि अडणारा तिरोड्यात, मधे शेजारी बसणारं कुणी नाही, ही खरी अडचण आहे.

नात परत गेली. मी त्या विद्यार्थ्याला चहाला बोलावलं आणि म्हटलं, "तुझं नव्हतं रे चुकलं." त्याला वाटलं, मी तिकिटाबद्दल बोलतेय. मीही पुढे काही सांगितलं नाही.

असो. तुम्ही शेवटचं ‘माझंच चुकलं असेल’ कधी म्हणालात? आठवून बघा, आणि जमलं तर कळवा.