एक स्टार मिळाला? भांडू नका, उत्तर द्या!

भाईंदर पूर्वेतल्या भांड्यांच्या दुकानापासून फरसाणवाल्यापर्यंत सगळ्यांची पारख आता गुगल मॅपवर होते. कुणी ‘एक स्टार’ दिला की काही दुकानदार तिथेच हमरीतुमरीवर येतात. हे महागात पडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराने दुरुस्तीसाठी धूळ खात पडलेल्या ओला स्कूटरचा फोटो टाकला. कंपनीचे प्रमुख भाविश अगरवाल यांनी ती ‘पैसे घेऊन केलेली पोस्ट’ ठरवली. वाद चिघळला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारी चर्चेत आल्या, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीसही निघाली.

मग करायचे काय?

- लवकर उत्तर द्या. चूक असेल तर सरळ माफी मागा.
- बिल नंबर विचारा, पुढचे बोलणे फोनवर करा.
- काम झाले की तिथेच तसे लिहा.
- नातेवाइकांकडून खोटे ‘पाच स्टार’ घेऊ नका.
- शिवीगाळ किंवा बनावट रिव्ह्यू असेल तर गुगलकडे रिपोर्ट करा. निव्वळ नाराजी मात्र हटवता येत नाही.

चिडलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. पण दुकानदाराचे उत्तर पुढचे गिऱ्हाईक वाचत असते. ते त्याच्यासाठीच लिहायचे असते.