'स्नीक' कोण करतं?

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली की इंग्रजी शब्दांचे वास ओळखता येतात. 'स्नीक' या शब्दाला अपराधाचा वास आहे. कोणाला कळू न देता हळूच जाणे, हा झाला साधा अर्थ. पण नुसतं हळूच नाही, काहीतरी लपवायचंय म्हणून हळूच! एनिड ब्लायटनच्या शाळेच्या गोष्टींत तर बाईंकडे चुगल्या करणारी मुलगी म्हणजे 'स्नीक'. तिथे याहून मोठी शिवी नाही. (भूतकाळी रूप 'स्नीक्ड'च, 'स्नक' म्हणजे अमेरिकन गावंढळपणा, असं आमच्या टीचर बजावायच्या. आज 'स्नक' डिक्शनरीत ऐटीत बसलाय. कधी शिरला कळलंच नाही, नावाला जागला म्हणायचा!)

मराठीची गंमत उलटी. आपल्याकडे शब्दातच चोर आहे, 'चोरपावलांनी'. पण बाळ झोपलं की आई चोरपावलांनीच खोलीबाहेर येते, तिला कोणी चोर म्हणतं का? मांजरपावलांनी, दबकत, गुपचूप, आणि आपलं हॉस्टेलचं लाडकं 'सुमडीत'... यातला एकही शब्द माणसाचा आधीच निकाल लावून मोकळा होत नाही.

म्हणून नोटीस बोर्डावर 'गर्ल्स स्नीकिंग इन आफ्टर नाइन' वाचलं की डोकं फिरतं. लायब्ररी रात्री 10 पर्यंत उघडी आणि आमचं गेट 9 ला बंद. मधल्या तासात एखादी मुलगी पुस्तकं घेऊन मेसच्या मागच्या दाराने आली, तर लगेच 'स्नीक'?

बरं, हा शब्द आपल्या इंजिनिअरिंगमध्येही आहे. 'स्नीक सर्किट' म्हणजे पार्ट सगळे धडधाकट, पण करंटला डिझायनरच्या ध्यानीमनी नसलेली वाट सापडते. 21 नोव्हेंबर 1960 ला नासाचं मर्क्युरी-रेडस्टोन हे मानवरहित रॉकेट जेमतेम 4 इंच उचललं आणि परत पॅडवर बसलं! बुडाशी जोडलेल्या दोन केबल्सपैकी कंट्रोलची आधी सुटायला हवी होती, सुटली पॉवरची. तेवढ्या क्षणात करंट भलत्या वाटेने एका रिलेतून गेला आणि इंजिन बंद. वर पॅराशूटही जागच्या जागी उघडून लोंबू लागलं. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस बोइंगने नासासाठी अशा चोरवाटा आधीच हुडकायची पद्धत बसवली, 'स्नीक सर्किट अॅनालिसिस'. त्यात ड्रॉइंग समोर घेऊन वाटा तपासतात. करंटला कोणी मेमो देत नाही.

लायब्ररीची वेळ आणि गेटची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी मांडायला रेक्टर मॅडमना पाच मिनिटं पुरतील. कागद मी आणून देते. मुलांच्या हॉस्टेलचं गेट 11 ला बंद होतं, तेही त्याच कागदावर लिहू.