आधी टाकी बघा, मग खोली, मग गिझर

दिवाळी सरली की टेंभुर्णीतल्या मिस्त्रीचा फोन उजाडायच्या आत वाजू लागतो. वीज कधी जाईल याचा नेम नाही म्हणून घरोघरी गॅसचा गिझर आला, आणि थंडीच्या पहिल्याच आठवड्यात तक्रारींची रांग लागते. त्यातल्या निम्म्याहून अधिक एकाच वाक्यात येतात: गिझर पेटत नाही. आपल्यापैकी बरेच जण दोन नवे सेल खिशात टाकून निघतात. नळ सोडल्यावर टकटक आवाज येतच नसेल तर ते ठीकच आहे. सेल बदलावेत, ओलीने हिरवट पडलेल्या पट्ट्या घासाव्यात, मायक्रोस्विच तपासावा. पण ठिणगीही पडत नाही आणि सेल तर नवे, किंवा काही वेळा पेटतो आणि काही वेळा नाही, असे असेल तर लगेच झाकण उघडू नका. आधी जिना चढून स्लॅबवर जा.

आपल्या भागातली एकमजली घरे डोळ्यांसमोर आणा. प्लॅस्टिकची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते, खाली फार तर दोन विटांचे थर. गिझर भिंतीवर पाच फुटांवर. म्हणजे टाकीचा तळ आणि गिझर यांत साडेपाच-सहा फुटांचे अंतर, आणि टाकी भरलेली असेल तेव्हा त्यात आणखी तीन-चार फुटांची भर. दहा फूट उंचीच्या पाण्याचा दाब होतो सुमारे ०.३ बार. घरगुती गिझरच्या पुस्तिकेत पेटण्यासाठी लागणारा किमान दाब बहुधा ०.२ ते ०.३ बारच्या आसपास लिहिलेला असतो. टाकी काठोकाठ असताना गिझर जेमतेम त्या रेषेवर असतो आणि दोघांची अंघोळ उरकून पाणी उतरले की रेषेच्या खाली जातो. “सकाळी सहाला पेटतो, आठला पेटत नाही” असे गिऱ्हाईक सांगते तेव्हा ते अगदी बरोबर सांगत असते, आणि बिघाड गिझरमध्ये नसतो.

नुसती उंची पुरत नाही. मायक्रोस्विच दाबणारा डायफ्राम उचलला जातो तो वाहत्या पाण्याच्या जोरावर. उंची पुरेशी असूनही अर्ध्या इंची पाइप लांबून वळणे घेत आणला असेल, मधला व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला असेल किंवा बारीक भोकांचा शॉवर बसवला असेल, तर तो जोर गिझरपर्यंत पोचतच नाही. लिटरच्या खुणा असलेली बादली गरम नळाखाली धरा आणि घड्याळ लावा. मिनिटाला अडीच-तीन लिटरही येत नसतील तर टाकीला लोखंडी स्टँड किंवा मोठा पाइप सुचवा. सोलेनॉइड बदलून ते पाणी वाढणार नाही. हे सांगितल्याने त्या दिवशीचे बिल घटते हे खरे, पण आठ दिवसांनी तोच फोन पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट इथल्या पाण्याची. उजनी हाकेच्या अंतरावर असली तरी वाड्या-वस्त्यांवर अंघोळीला बोअरचे पाणी आहे. काळ्या पाषाणातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. पाणी तापले की विरघळलेले बायकार्बोनेट फुटते आणि तांब्याच्या नळीत आतून पांढरा थर धरतो. ज्योत तेवढीच, गॅस तेवढाच, पाणी मात्र कोमट आणि धार बारीक. आत येणाऱ्या पाण्याची जाळी दर हिवाळ्यात काढून धुवावी हे सर्वांना ठाऊक आहे, तरी ती बहुतेक ठिकाणी पहिल्यापासून तशीच असते. थर काढायला सायट्रिक अॅसिडचे कोमट पाणी छोट्या पंपाने नळीतून फिरवावे, वेळ लागतो तो लागू द्यावा. संडास धुण्याचे तेजाब ओतून दहा मिनिटांत काम उरकणारे लोक आपल्यात आहेत. ते तेजाब डाख दिलेले सांधे आणि पितळी भाग खाते, आणि पुढच्या हंगामात तोच गिझर गळू लागतो.

बाकीचे बिघाड थोडक्यात. भक्कन आवाज करून पेटत असेल तर इलेक्ट्रोड सरकला आहे किंवा बर्नरची भोके बुजली आहेत. गॅस साठतो आणि मग एकदम पेट घेतो. ज्योत पिवळी असेल तर हवेच्या वाटा पाहा. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असलेल्या गिझरात कोळी जाळी विणून ठेवतो. नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहत असेल तर डायफ्रामची दांडी क्षारांनी अडकली आहे. असा गिझर रेग्युलेटर बंद करून तिथेच थांबवावा, दुरुस्त होईपर्यंत कुणाच्या आग्रहाने चालू करू नये.

मायक्रोस्विचच्या दोन तारा जोडून टाकणे, वीस मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर काढून टाकणे, शेगडीच्या नळीला टी लावून त्याच सिलिंडरवर गिझर चालवणे, याला आपल्या धंद्यात जुगाड म्हणतात. आम्ही त्याला दुरुस्ती मानत नाही.

सर्वांत महत्त्वाचे गिझरच्या आजूबाजूला असते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला दीडशे किलोकॅलरी लागतात. दहा मिनिटांच्या अंघोळीला सुमारे १६० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे या एका अंघोळीला जवळजवळ दोन घनमीटर. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा साडेपाच घनमीटरदेखील भरत नाही. दार लावलेले, झरोक्याला थंडीमुळे पुठ्ठा. तीन-चार मिनिटांतच ज्योतीला प्राणवायू कमी पडू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळतीचा वास यावा म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन घातलेले असते. या विषाला मात्र वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटते. डोके जड होते, पाय लटके पडतात, आणि कडी काढायला हात उचलत नाही.

आपल्या आजीचा तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत असे, कारण त्याचा धूर दिसायचा. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये गॅसचा पहिला गिझर बनवला तेव्हा त्याला धुराडे नव्हते. दीडशे वर्षांनंतरही आपण बंद न्हाणीघरात धुराड्यावाचून तो टांगतो आहोत. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अशाच बंद बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी गेली. खेड्यातल्या अशा घटना ‘बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले’ एवढ्यावर मिटतात. म्हणून गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवा: कुणी आत पडले तर दार उघडा, रेग्युलेटर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की गॅस गिझर चालू होता. नाहीतर फिट किंवा हृदयविकार समजून उपचार सुरू होतात आणि प्राणवायू द्यायला उशीर होतो.

आमची विनंती स्पष्ट आहे. बाथरूमच्या आतला गिझर दुरुस्त करून पुन्हा आत टांगू नका. बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा करून लावा आणि भिंतीला एक भोक पाडून गरम पाण्याचा पाइप आत न्या. काम अर्ध्या दिवसाचे आहे. “पाच वर्षं झाली, काही झालं नाही,” असे ऐकावे लागेल. झरोक्याला पुठ्ठा लावण्याइतकी थंडी यंदा पडली, तर पाच वर्षांचा तो हिशेब चालत नाही, हे शांतपणे सांगा. तरीही गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडा आणि का सोडले ते बिलावर लिहा. गिझर घेताना आयएस १५५५८ ची खूण पाहायला सांगा. नळी सुरक्षा प्रकारची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली, पाच वर्षांच्या आतली हवी. गळतीचा वास आला तर लावायचा १९०६ हा नंबर सिलिंडरजवळच्या भिंतीवर तुमच्या हाताने लिहून ठेवा.

कुर्डुवाडी, मोडनिंब, अकलूज, करमाळा इथल्या वाचकांनी या हंगामात प्रत्येक तक्रारीसोबत तीन गोष्टी वहीत टिपाव्यात: टाकीतल्या पाण्याची गिझरपासूनची उंची, गरम नळाचे मिनिटाचे लिटर, आणि गिझर आत होता की बाहेर. नोंदी संक्रांतीपर्यंत आमच्याकडे पोचल्या तर फेब्रुवारीच्या अंकात गावनिहाय छापू.