उपग्रहाला दिसते, शासनाला दिसते काय?

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या आकाशात आली. गुजरात-राजस्थानवरून ती दिल्लीकडे सरकत असताना हवामान-उपग्रहांनी तिचा माग काढला, फ्रान्समधील तुलूझ येथील केंद्राने विमानवाहतुकीला सूचना दिल्या आणि भारतीय कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली. त्याच वेळी त्या राखेच्या कित्येक किलोमीटर खाली दिल्लीची हवा ‘अतिशय वाईट’ या श्रेणीत होती. वरची राख चीनच्या दिशेने निघून गेली. खालचा धूर मात्र तेथेच राहिला.

या दोन ढगांना मिळालेल्या वागणुकीतील फरक विज्ञानाच्या मर्यादेतून आलेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. उपग्रहाच्या दृष्टीने दोन्ही ढग दृश्यच आहेत. सुमारे ११ आणि १२ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरींत एकाच ढगाचे तापमान मोजले, तर पाणी व बर्फ यांच्या ढगात जो फरक आढळतो, त्याच्या उलट फरक खनिज धूळ आणि ज्वालामुखीची राख यांच्या ढगात सामान्यतः आढळतो. त्यामुळे रात्रीच्या अंधारातही राख ओळखता येते. धूर व धुरके दिवसा, सूर्यप्रकाशाच्या विखुरण्यावरून जोखता येतात. भारताचे इन्सॅट मालिकेतील उपग्रह दर अर्ध्या तासाला अशी चित्रे पाठवितात.

राखेच्या बाबतीत या ज्ञानाची व्यवस्था कशी झाली? जून १९८२ मध्ये जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका ब्रिटिश विमानाची चारही इंजिने बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली म्हणून प्रवासी वाचले. पुढे १९९० च्या दशकात राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे जगभर उभी राहिली. २०१० मध्ये आइसलँडमधील राखेमुळे युरोपचे बरेचसे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. विमानात भांडवल असते, विमा असतो, प्रवाशाला आवाज असतो. सूचना मिळताच कोणी थांबावे, कोठून वळावे, हे तेथे ठरलेले असते. जमिनीवरच्या माणसासाठी असे काय ठरलेले आहे?

पंजाबचेच उदाहरण घ्यावे. शेतातील आगींची मोजणी उपग्रहांवरून होते. अधिकृत आकड्यांनुसार हंगामातील नोंदी २०२१ मध्ये ७१ हजारांवर होत्या, त्या २०२४ मध्ये सुमारे ११ हजारांवर आल्या. परंतु ही मोजणी ज्या उपग्रहांवर मुख्यतः अवलंबून आहे, ते दिवसा दीड वाजण्याच्या सुमारास डोक्यावरून जातात. भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांवरून असे दिसून आले, की पुष्कळशा आगी त्यानंतर लावल्या जातात. आगी मुळीच घटल्या नाहीत असे नव्हे. परंतु घट आकड्याइतकी मोठी मानता येत नाही. शासनाने या डोळ्याचा उपयोग दंड आणि खटले यांसाठी केला आणि शेतकऱ्याने त्या डोळ्याची वेळ ओळखली. भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताची लावणी लांबली, त्यामुळे कापणी व गव्हाची पेरणी यांत थोडेच दिवस उरले, ही शेतकऱ्याची अडचण कोणत्याही छायाचित्रात उमटत नाही. ती सोडविण्यासाठी धोरण लागते. शिवाय वाहने आणि वीजकेंद्रे वर्षभर धूर सोडतात. त्यांचा शोध घ्यायला उपग्रहाचीही गरज नाही.

मुंबईने १३ मे २०२४ रोजी याचेच दुसरे रूप पाहिले. धुळीच्या वादळात घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे मेली. चाळीस फुटांची मर्यादा असताना तो फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता. वादळ निसर्गाचे होते. फलक माणसांनी उभारला होता आणि माणसांनीच उभा राहू दिला होता.

धुरके वाढले की दिल्लीत बांधकामे थांबवितात. सूचना योग्यच, पण तिची किंमत कोण मोजतो? नाक्यावरचा मजूर आपली रोजी देऊन ती मोजतो आणि हवाही तीच घेतो. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला बांधकामखर्चावरील एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. त्यातून या मजुरांना निर्वाहभत्ता द्यावा, असा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला आणि तो पाळला गेला नाही म्हणून राज्यांच्या मुख्य सचिवांना न्यायालयासमोर उभे राहावे लागले. शिवाय ज्याची नोंदणीच झालेली नाही, त्या मजुरापर्यंत हा भत्ता पोहोचतच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्या दिवशी हवेचा इशारा निघेल, त्याच दिवशी बुडालेल्या रोजीची भरपाई आपोआप सुरू झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मजुरावर न टाकता ठेकेदारावर टाकली पाहिजे. आणि आगींच्या ठिपक्यांऐवजी जळालेले क्षेत्र मोजून ते आकडे जनतेसमोर ठेवले पाहिजेत. उपग्रह जनतेच्या पैशातून उडतात. त्यांनी पाहिलेले संकट टाळण्याचा पहिला हक्क, ज्याला घरात बसून राहणे परवडत नाही, त्या माणसाचा आहे.