तुटणारा दोरा हवा

जानेवारी 2025 मध्ये रायपूर शहरात वडिलांसोबत दुचाकीवरून निघालेल्या सात वर्षांच्या मुलाचा गळा पतंगाच्या मांजाने चिरला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. नायलॉन व अन्य कृत्रिम मांजावर देशभर बंदी घालणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश 11 जुलै 2017 चा आहे. तेव्हापासून दर संक्रांतीला छापे पडतात, फिरक्या जप्त होतात आणि पुढच्या वर्षी तोच दोरा पुन्हा आकाशात दिसतो. या अपयशाची चर्चा बहुधा पोलिसी कारवाईच्या अंगानेच होते. तिला पदार्थविज्ञानाचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षित राहिली आहे.

ही बाजू समजून घेण्यासाठी काइटसर्फिंगकडे पाहावे. पायाखाली फळी, डोक्यावर अनेक चौरस मीटरचा पतंग आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावर वेग घेणारा माणूस, असा हा खेळ. पॅरिस ऑलिंपिक 2024 मध्ये त्याच्या शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या. या खेळात पतंग कशाचा करावा, हा प्रश्न अत्यंत गांभीर्याने घेतला जातो. नायलॉनचे कापड चिवट असते, पण ते पाणी शोषते आणि ताणले जाते. त्यामुळे पतंगाचा आकार बिघडतो. पॉलिएस्टर पाणी फारच कमी शोषते आणि आकार टिकवते, म्हणून बहुतेक पतंगांचे कापड त्याचेच असते. अलीकडे अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलीनपासून केलेले, वजनाने हलके आणि किमतीने महाग असे कापडही वापरात आले आहे. दोऱ्या तर याच पॉलिएथिलीनच्या असतात. डायनीमा या नावाने ओळखला जाणारा हा धागा पाण्यावर तरंगतो, तुटेपर्यंत जेमतेम 3 ते 4 टक्के लांबतो आणि वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असतो.

मात्र इतका बळकट दोरा वापरणाऱ्या या खेळाने एक गोष्ट ओळखली आहे. दोरा तुटणार नसेल, तर संकटात माणसाला पतंगापासून सोडवण्याची दुसरी व्यवस्था हवी. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या कमरेपाशी एका झटक्यात पतंगाची ओढ संपवणारी कळ असते. तिच्या चाचणीसाठी 2020 पासून आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पदार्थाचे बळ वाढले, तशी सुटकेची सोयही त्याच्यासोबत आली.

रायपूरच्या गच्चीवरून उडणाऱ्या पतंगाला अशी कळ नसते. शिवाय रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा त्या खेळाशी काही संबंधही नसतो. तिथे सुटकेची एकच सोय शक्य आहे, ती म्हणजे दोऱ्याचे तुटणे. घरातल्या वीजजोडणीत फ्यूजची तार मुद्दाम कमकुवत ठेवतात, कारण तिने आधी वितळावे आणि घर वाचावे. सुती दोरा हा पतंगाचा फ्यूज होता. नायलॉन आले आणि तो फ्यूज काढून टाकला गेला.

साध्या गणिताने हे स्पष्ट होते. गोलाकार वस्तूवर टेकलेल्या ताणलेल्या दोऱ्याचा दाब काढायचा असेल, तर दोऱ्यातील ताणाला वस्तूच्या त्रिज्येने आणि दोऱ्याच्या जाडीने भागावे. गळ्याची त्रिज्या 6 सेंटीमीटर आणि दोऱ्याची जाडी अर्धा मिलीमीटर धरू. दोरा 20 न्यूटनला, म्हणजे सुमारे 2 किलो भाराला तुटत असेल, तर दाब वातावरणाच्या सुमारे साडेसहा पटींवर थांबतो. तोच दोरा 100 न्यूटन सहन करणारा असेल, तर दाब 33 पटींपर्यंत चढतो. अर्धा मिलीमीटर जाडीचा नायलॉनचा एकसंध तंतू इतका भार सहज पेलतो. दुचाकीचा वेग आणि काचेच्या भुकटीचे करवतीसारखे घर्षण या हिशेबात अजून आलेलेच नाही. दोरा ज्या ताणाला तुटतो, तीच त्याच्या इजेची कमाल मर्यादा ठरवते. ती मर्यादा खाली आणणे हाच सुरक्षेचा खरा मार्ग आहे.

म्हणूनच ‘चिनी मांजा’ हे नाव घातक ठरते. देश हा पदार्थाचा गुणधर्म नाही. असा दोरा भारतातही तयार होतो आणि नाव बदलून विकला जातो. नाव बदलले की ग्राहक निश्चिंत होतो आणि विक्रेत्याला पळवाट सापडते. त्याऐवजी नियम मोजमापाच्या भाषेत असावा. पतंगाचा दोरा ठरावीक भाराला तुटलाच पाहिजे, त्यावर काच किंवा धातूचा लेप नसावा आणि तो मातीत कुजणारा असावा. जप्त केलेल्या फिरकीची चाचणी कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील ताणयंत्रावर काही मिनिटांत होऊ शकते. 1956 साली खनिकर्म व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली संस्था आज एनआयटी म्हणून रायपुरातच उभी आहे. पदार्थाचे बळ मोजणे हे अशा संस्थांचे रोजचे काम आहे. प्रशासनाने ते त्यांच्याकडे सोपवावे.

दोरा कच्चा असेल तर पेच लढवण्यात मजा कसली, असा आक्षेप घेतला जातो. पण पेच हा दोन दोऱ्यांमधला सामना आहे. दोघांचेही दोरे सुती असतील, तर कधी ढील द्यायची आणि कधी खेच घ्यायची, हे कसब तेवढेच कसाला लागते. एकाने नायलॉन आणले की दुसऱ्यालाही ते आणावे लागते. या चढाओढीत खेळाला काहीच मिळत नाही. किंमत मात्र वाटसरू आणि पक्षी मोजतात.

पुढच्या संक्रांतीपूर्वी विद्यार्थ्यांनी एक लहानसा प्रयोग करावा. दुकानातील दोऱ्याचा वीतभर तुकडा घ्यावा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, चिमट्यात धरून, त्याचे टोक जाळावे. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो. मग दुसऱ्या तुकड्याला पाण्याची बाटली टांगून ती हळूहळू भरत जावी आणि दोरा किती वजनाला तुटतो, ते वहीत लिहावे. पाच लिटर पाणी पेलूनही न तुटणारा दोरा शाळेच्या गच्चीवर चढू नये, एवढा नियम करायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.